मूळ प्रतीला हात न लावता

होळीची राख कोपऱ्यावरून पुरती उडून जाण्याआधीच आमच्या कॉलनीत निळे ड्रम दाराबाहेर येतात. कुणी ठरवत नाही. एका सकाळी समोरच्यांच्या फाटकाशी एक दिसतो, दुसऱ्या दिवशी चार, आणि आठवड्याभरात सगळी गल्ली ड्रमांच्या मागे राहायला गेल्यासारखी दिसते. प्रत्येकावर ऑइलपेंटनं घराचा नंबर असतो, झाकणावर वीट असते. एकाच ड्रमाच्या झाकणाला कडी आणि कुलूप आहे, तो आमचा. आई शेजारणींना सांगते की ते कुलूप ड्रमाला नाही, माझ्या स्वभावाला आहे.

मी ते नाकारत नाही. टँकर रिव्हर्स घेताना जी धून वाजवतो ती ऐकली की मी गॅलरीत येते, पाइप कुठल्या ड्रमात किती वेळ राहिला ते बघते. पाणी भरून झाल्यावर एक ग्लास उन्हाकडे धरते. ग्लासात काहीतरी तरंगत असतं, पण ते पाण्यात आहे की माझ्या डोळ्यात, हे कधी नीट ठरत नाही. गरम सिमेंटवर सांडलेल्या पाण्याचा वास येतो, ओल्या रबराचा वास येतो, आणि दरवर्षी याच दिवसांत माझ्यात एक जुनी शंका जागी होते. ती कुणावर आहे हे तिलाही ठाऊक नसतं. ती पहिल्यांदा कुठल्या उन्हाळ्यात आली, ते मात्र मला नेमकं सांगता येतं.

तेव्हा मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन नुकती नोकरीला लागले होते. ऑफिस जालना रोडवर, एका फरसाणच्या दुकानाच्या वर. सकाळी दहाला जिना चढताना शेव तळल्याचा वास अंगाला चिकटायचा तो घरी जाईपर्यंत सुटायचा नाही. काम पाण्याचं होतं. जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींची दर महिन्याला मोजणी व्हायची, आकडे आमच्याकडे यायचे, आणि कुठल्या गावाचं पाणी किती खोल गेलं याची यादी आम्ही करून द्यायचो. ज्या गावाचं पाणी जास्त खोल, ते यादीत वर. वरच्या गावांना टँकर. यादीच्या मध्ये कुठेतरी एक रेघ मारली जायची आणि रेघेखालच्या गावांनी पुढच्या महिन्याची वाट बघायची. त्या वर्षी, सलग दुसऱ्या कोरड्या पावसाळ्यानंतर, ती रेघ म्हणजे सगळं काही होतं.

ऑफिसात आम्ही दोघंच कायमचे, जोगदंड सर आणि मी. सर पन्नाशीचे, पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशात दोन पेन, आवाज इतका मऊ की मला तो सुरुवातीपासूनच खरा वाटला नाही. ते मला कधी रागावले नाहीत. मला वाटायचं, न रागावणारा माणूस काहीतरी राखून ठेवतो. मीही बोलत नव्हते. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी गप्प असली की लोकांना ती शिष्ट वाटते, आणि त्यांना तसं वाटू देणं मला बोलण्यापेक्षा सोपं जायचं.

विहिरी मोजायची पद्धत मला फार आवडायची, कारण तिच्यात लबाडीला जागा दिसत नव्हती. लोखंडी टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढायचा. खडू जिथवर ओला झाला तिथवर पाणी. मोजणीदार तो आकडा वहीत लिहायचा. टेप पांढराच्या पांढरा वर आला तर आकड्याच्या जागी शब्द यायचा. कुणी ‘कोरडी’ लिही, कुणी ‘आटली’, कुणी ‘पाणी नाही’. पैठणकडच्या एका मोजणीदारानं ‘खडखडाट’ लिहिलं होतं.

या सगळ्या वह्या मी संगणकात भरायचे. पुढचं काम संख्याशास्त्राचा एक प्रोग्रॅम करायचा. तो जगभर वापरला जातो आणि फुकट मिळतो. ज्यांनी तो बनवला त्यांचा एक साधा आग्रह आहे, मूळ प्रोग्रॅमला हात लावू नका. तुम्हाला त्यात नसलेलं काही हवं असेल तर ते वेगळं लिहा आणि बाहेरून जोडा. त्या जोडणीला प्लगइन म्हणतात. मिक्सरच्या भांड्यासारखं ते असतं, लावलं की चटणी वाटतं, काढलं की मोटार आधी होती तशी. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मी ते शिस्तीचं एक कलम म्हणून वहीत उतरवलं होतं. घरी वडीलधाऱ्यांच्या सामानाला हात लावू नये म्हणतात, तसलं काही.

मार्चच्या यादीवर काम करत असताना एका गावापाशी मी थांबले. करमाडच्या पुढे, रस्त्यापासून आत असलेली एक वाडी. तिथल्या सात विहिरींपुढे सात शब्द होते. एकही आकडा नव्हता. आणि प्रोग्रॅमनं मात्र गावाची सरासरी काढून दिली होती, दशांश चिन्हासकट, नीटनेटकी. मी फेब्रुवारीची यादी काढली. तोच आकडा. जानेवारीचीही काढली. तोच. तीन महिने आग ओकणाऱ्या आभाळाखाली त्या वाडीचं पाणी एका बोटानंही हललं नव्हतं. शेवटच्या रकान्यात सरांच्या अक्षरात शेरा होता, ‘परिस्थिती स्थिर’. वाडी रेघेच्या तीन घरं खाली होती.

शून्य आकड्यांची सरासरी निघत नाही. हे कळायला पदवी लागत नाही. सात रिकाम्या ताटांवरून कुणी सांगत नाही की घरातल्यांनी सरासरी किती भाकरी खाल्ल्या. मग हा आकडा आला कुठून?

मी कुणाला विचारलं नाही. विचारणं हा माझा स्वभाव नव्हता, तपासणं होता. घरी जाऊन प्रोग्रॅमची नवी, कोरी प्रत माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि तीच माहिती तिला दिली. तिनं त्या वाडीपुढची जागा रिकामी सोडली. प्रामाणिक माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणून गप्प बसतो, तशी ती रिकामी जागा होती. म्हणजे ऑफिसातला प्रोग्रॅम मूळ नव्हता. आम्ही त्याला मूळ म्हणत होतो, पण त्याच्या पोटात कुणीतरी हात घातला होता. दिसायला काही फरक नाही. तीच खिडकी, तेच नाव, कोपऱ्यात तीच खूण.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी ज्या नजरेनं जगाकडे बघितलं ती आठवली की अजून लाज वाटते, आणि थोडी मजाही. सर फोन घेऊन जिन्यात गेले की मी टायपिंग थांबवायचे. एकदा खिडकीतून दिसलं की ते फरसाणच्या दुकानासमोर एका टँकरवाल्याशी बोलताहेत, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात. माझ्या डोक्यात पूर्ण कट तयार झाला. कुठल्या गावाला टँकर, कुणाचा टँकर, मध्ये कोण. पुढं दुकानातल्या पोऱ्याच्या नव्हे, खुद्द मालकाच्या तोंडून कळलं की सरांच्या घरी सहा दिवस नळ आला नव्हता आणि सर त्या माणसाला अर्धा टँकर तरी टाक म्हणून विनवत होते. त्यानं नाही म्हटलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण शंका अशी पुराव्यानं जात नाही, ती फक्त बसायची जागा बदलते.

शाळेत आम्हाला एक बाई होत्या, त्या प्रत्येक मुलीचा उच्चार दुरुस्त करायच्या. मी ‘पानी’ म्हणायचे, वडिलांच्या गल्लीतली बोली माझ्या तोंडात होती. त्यांनी मला ते सोडायला लावलं आणि इंग्रजीत बोलायला लावलं. घरी आल्यावर आई म्हणायची, ही बोलते आपल्यासारखी, पण विचार कुठल्या भाषेत करते कुणास ठाऊक. त्या उन्हाळ्यात मला हे वारंवार आठवायचं. इंग्रजी माझ्यावर बाहेरून जोडली गेली की आत काहीतरी बदललं गेलं? जोडणी असती तर काढून ठेवता आली असती. रागावले की माझ्या तोंडून आधी इंग्रजी शब्द येतो. पण दुखलं की ‘आई गं’च येतं. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, आणि आत डोकावून बघायला माझी दुसरी कोरी प्रत कुठे उतरवून मिळत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोजणीदार वह्या द्यायला आले. त्या वाडीचे मोजणीदार काशिनाथमामा. त्यांना सगळेच मामा म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, आता मेंढरं थोडी उरलेली, मामा रोजंदारीवर विहिरी मोजायचे आणि मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात. पांढरा पटका, हातात काठी. ऑफिसात आले की ती दाराबाहेर टेकवून ठेवत, चपलांच्या शेजारी. पंख्याखाली बसून त्यांनी आधी दोन ग्लास पाणी मागितलं, आणि पिण्याआधी ग्लास माझ्यासारखाच उन्हाकडे धरला. त्या एका गोष्टीनं मला त्यांच्याशी बोलायचा धीर आला.

मी विचारलं की तुमच्या वाडीतल्या विहिरी किती खोल आहेत. ते म्हणाले, कोणच्या सालातलं सांगू? मला प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे मेंढराच्या पायातला काटा शोधावा तसं निरखून पाहिलं.

“आठ परस होत्या, पोरी. मागल्या दुष्काळात आम्ही समद्यांनी मिळून खाली घेतल्या. आता अकरा परस हायेत. अकराच्या तळाला बी दगडच हाय.”

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. विहिरीची खोली आमच्याकडे अजून अशीच सांगतात, माणसावर माणूस उभा करून. मी विचारलं की हे कुठे लिहिलंय का. मामांनी वही माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि मागचं पान उघडलं. तिथे दर महिन्याला, पेन्सिलीनं, प्रत्येक विहिरीची खोली परसांत लिहिलेली होती. छापील तक्त्यात त्याला रकाना नव्हता म्हणून मागच्या पानावर. चार वर्षांपासून.

“लिवलंय की. वही फक्त म्होरूनच वाचायची आसती, आसं तुमच्या कालिजात शिकवत्यात व्हय?”

मी हसले नाही. कारण तो आकडा कुठून येतो हे त्या क्षणी कळलं होतं. कुणीतरी मूळ प्रोग्रॅमच्या आत लिहून ठेवलं होतं की शब्द आला तर पाणी विहिरीच्या तळाशी आहे असं धरा, आणि तळ म्हणजे जुन्या दप्तरातली खोली. आठ परस. विहिरी माणसांनी तीन परस खाली नेल्या, पण प्रोग्रॅमच्या पोटातला तळ जिथे होता तिथेच राहिला. नऊ-दहा परसांवर अजून चूळभर पाणी असलेली गावं यादीत वर गेली होती, आणि अकरा परसांवर दगड लागलेली वाडी ‘स्थिर’ होऊन खाली बसली होती. जितकं खोल खणलं तितकी तहान कागदावर कमी दिसली होती.

मामा म्हणाले, डोळ्यांनी बघायचं तर चला. मी गेले. तोवर मी एवढ्या आकडेवारीत राहिले होते, पण आकडा ज्याचा त्याच्या दारी जाण्याची ती पहिलीच वेळ. एसटी करमाडला सोडून गेली, पुढे दोन मैल चालायचं होतं. शेंद्र्याच्या बाजूनं शहर वाडीच्या दिशेनं सरकत आलेलं दिसत होतं. नांगरट न झालेल्या रानात पांढरे दगड रांगेत पुरलेले, मध्ये मुरुमाचे रस्ते, आणि कुठेच न जाणाऱ्या एका कमानीवर पाटी, ‘जलविहार’. मी मामांना पाटी वाचून दाखवली. ते म्हणाले, नाव लई ग्वाड हाय, तिथं आधी आमची मेंढरं बसायची.

विहिरीच्या काठावरून मी वाकून बघितलं. आठ परसांपर्यंत जुनं बांधकाम, काळा दगड, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला. तिथे एक पायरीभर कंगोरा सुटला होता. त्याखाली नवी खोदाई, फिकट, सुरुंगाच्या खुणा असलेली, अजून न भरलेल्या जखमेच्या रंगाची. जुनी विहीर कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली हे एखाद्या लहान मुलालाही बोट ठेवून दाखवता आलं असतं. मामांनी टेपला खडू चोळला, तो सोडला, वर ओढला. पांढरा. त्यांनी तो टेप माझ्या हातात दिला, पुरावा सोपवावा तसा. वाडीतल्या बायका दीड कोसावरच्या एका बोअरवर जात होत्या. मामांच्या सुनेनं मला पाणी दिलं ते वाटीत. ग्लासात नाही. मी ते उन्हाकडे धरलं नाही.

परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मनात घोळवत होते. विहिरीनं स्वतःतला बदल लपवला नव्हता. कंगोरा दाखवत होती ती. लपवलं होतं ते आमच्या प्रोग्रॅमनं, आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला होता कारण त्याच्यावर कुठे कंगोराच दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी यादी जायची होती. मी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरले. शेवटी दोन कागद ठेवले. एक ऑफिसातल्या प्रोग्रॅमचा, एक माझ्या कोऱ्या प्रतीचा. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता ते खोटं बोलतील, आणि ते कसं बोलतात हे बघायला मी तयार होते. ते म्हणाले की हे मीच केलं होतं.

मागच्या दुष्काळात, त्यांनी सांगितलं, प्रोग्रॅम कोरड्या विहिरी मोजायचाच नाही. शब्द दिसला की सोडून द्यायचा. म्हणजे ज्या गावात सातातल्या सहा आटल्या आणि देवळामागच्या एकीत पाणी होतं, त्या गावाची सरासरी त्या एकीवर निघायची. सगळ्यात वाळलेली गावं यादीत सगळ्यात ओली. वरच्यांना पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग त्यांनी एका रविवारी पुस्तक उघडून, स्वतः शिकून, प्रोग्रॅमच्या आत त्या चार ओळी घातल्या. कितीतरी गावं रेघेच्या वर आली. नंतर पाऊस झाला, विहिरी भरल्या, आणि ते विसरले.

पंधरा दिवस ज्या माणसाला मी चोर समजले त्यानं एका रविवारी गावं वाचवली होती. आणि त्याच चार ओळींनी आता एक वाडी बुडत होती.

सरांनी मार्ग लगेच सुचवला. आत जाऊन आठाच्या जागी अकरा कर, दहा मिनिटांचं काम, दुपारी यादी जाईल. मला अजून आठवतं, खालून शेव तळल्याचा आवाज येत होता. मी नाही म्हटलं. आयुष्यात वरिष्ठाला म्हटलेलं ते पहिलं नाही.

“मी चोरी नाही केली, बेटा,” ते म्हणाले.

“नाही सर. पण ते कुणाला दिसलंही नाही.”

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाले की यादी उद्या दुपारी गेली तरी चालेल, ते तसा फोन करतील. फोनवर त्यांनी उशीर स्वतःच्या तब्येतीवर घेतला.

ऑफिसातली बदललेली प्रत मी काढून टाकली आणि कोरी प्रत बसवली. मग तिच्याबाहेर एक छोटी जोडणी लिहिली. वह्यांच्या मागच्या पानांवरून मी भरून घेतलेली खोली ती वाचायची. आकड्याच्या जागी कुठलाही शब्द असेल तर विहीर कोरडी धरायची, कारण लोक दहा प्रकारे लिहायचे आणि त्या उन्हाळ्यात सगळ्यांचा अर्थ एकच होता. अशा प्रत्येक विहिरीपुढे ती एक फुली करायची आणि खाली टीप द्यायची, की पाणी इतक्या खोल आहे असं आम्ही म्हणत नाही, इतक्या खोलपर्यंत ते नाही एवढंच म्हणतो. शेजारी मूळ प्रोग्रॅमचं उत्तरही छापायची, त्याच्या रिकाम्या जागांसकट. एक कळ दाबली की जोडणी बंद.

सगळ्यात अवघड गेली ती पहिली ओळ. तिथे लिहिणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर द्यायची रीत आहे. मी वर्गात कधी हात वर केला नाही, कॉलेजच्या गॅदरिंगच्या फोटोत मी नेहमी कुणाच्या तरी खांद्यामागे आहे. नाव लिहिणं म्हणजे चुकले तर शोधून काढायला पत्ता देणं. मी ते लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. सरांनी मागून बघितलं आणि स्वतःच्या टेबलावर गेले. थोड्या वेळानं येऊन म्हणाले, त्या वेळी मलाही ही रीत माहीत असायला हवी होती.

वाडी रेघेच्या वर गेली. पुढच्या आठवड्यात टँकर आला. मामा मे महिन्याची वही द्यायला आले तेव्हा मी विचारलं, पाणी कसं आहे. ते म्हणाले की गढूळ हाय, उशिरा येतंय, आन्‌ डायव्हर लई भांडकुदळ हाय. त्यापेक्षा जास्त आभार मला मिळाले नाहीत, आणि मिळाले असते तर मला त्यांच्यावरही संशय आला असता. वहीच्या मागच्या पानावरचं त्यांचं पेन्सिलीचं अक्षर मात्र त्या महिन्यापासून मोठं झालं होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली, सर निवृत्त झाले. शहर वाढतंच आहे. आमची कॉलनी बांधली तेव्हा तिच्यापुढे ज्वारी होती, आता सहा कॉलन्या आहेत आणि प्रत्येकीचं नाव कुठल्यातरी नदीचं किंवा तळ्याचं. ही सगळी वाढ बाहेरून जोडली जाते आहे, मूळ शहर आपल्या दरवाजांच्या आत तसंच आहे, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. मला ते पटत नाही. प्रत्येक नव्या कॉलनीचा पाइप शेवटी त्याच जुन्या जलवाहिनीला भोक पाडून जातो. पैठणहून येणारं पाणी तेवढंच आहे. पूर्वी नळ तिसऱ्या दिवशी यायचा, मग पाचव्या, मग आठव्या. जोडणी मुळाला खरंच हात लावत नाही का, हे ती बंद करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि शहराला तशी कळ नाही.

मागच्या मंगळवारी, ड्रम बाहेर ठेवत असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. मी असे फोन घेत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज बारीक पण ठाम. रेणुका, पैठणची, माझ्या जुन्या ऑफिसात गेल्या महिन्यात लागलेली. तिनं नमस्कार केला, माझं पूर्ण नाव उच्चारून मीच बोलतेय ना याची दोनदा खात्री केली आणि मग सरळ म्हणाली की मॅडम, तुमच्या प्लगइनवर माझा विश्वास नाही.

मी म्हटलं, सांग.

तिनं सांगितलं. करमाडपुढची एक वाडी यादीत सतत पहिली येते. पाऊस झाला तरी पहिली. म्हणून तिनं वही बघितली, मागूनही. सात विहिरींपैकी चारींपुढे काशिनाथमामांच्या मुलानं, आता तो मोजतो, आकड्याच्या जागी ‘बुजवली’ लिहिलंय. प्लॉटिंगसाठी मुरूम टाकून चारही विहिरी भरून घेतल्या, त्यांच्यावर आता घरं आहेत आणि घरांना कारखान्याच्या बाजूची पाइपलाइन. उरलेल्या तीन विहिरींना या वर्षी पाणी आहे. पण माझी जोडणी शब्द दिसला की विहीर कोरडी धरते, मागच्या पानावर शेवटच्या लिहिलेल्या अकरा परसांपर्यंत. नसलेल्या चार विहिरी दर महिन्याला तहानेनं मरताहेत आणि त्यांच्या भारानं वाडी वर राहते. दौलताबादच्या बाजूचं एक गाव त्यामुळे रेघेखाली आहे. ती काल तिथे जाऊन आली होती. तिथल्या बायका किती चालतात ते तिनं मला सांगितलं.

पाइप हातात धरून टँकरवाला मला हाका मारत होता, कुलूप काढा म्हणून. मी तशीच उभी राहिले. सरांच्या चार ओळी आणि माझी जोडणी यांत मी एवढी वर्षं मोठा फरक मानत आले होते. चूक तर तीच निघाली, एका उन्हाळ्याचा अर्थ सगळ्या उन्हाळ्यांवर बसवण्याची. फरक एवढाच होता की ही मुलगी मला शोधू शकली.

मी तिला म्हटलं की माझी चूक आहे. दुरुस्त करायला माझ्याकडे पाठवू नकोस, आणि माझ्या लिखाणात हातही घालू नकोस. तू तुझी वेगळी लिही, तुझ्या नावानं. यादी कधी जायची आहे? ती म्हणाली, दुपारी. मग मी घाईघाईनं सांगायला लागले की आधी माझी जोडणी बंद कर, वर उजवीकडे कळ आहे, ती दाबली की—

“ती सकाळीच बंद केली, मॅडम,” रेणुका म्हणाली. “माझी लावलीय. तुम्ही फक्त ती कुठं चुकतेय ते बघा.”